सहाव्या वर्षाची वाट कोणी पाहायची?

तिकीट खिडकीवर बसणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींना सवलतींचा तक्ता तोंडपाठ असतो. त्या तक्त्यात एक नोंद आहे : मूक आणि बधिर, दोन्ही व्यंगे एकाच व्यक्तीत असतील तर द्वितीय श्रेणी, शयनयान व प्रथम श्रेणीच्या भाड्यात निम्मी सवलत, सोबत्यालाही तेवढीच. वर्षानुवर्षे ही नोंद आपण वाचत आलो. पण या दोन शब्दांत एक फरक आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. बहिरेपण अनेक मुलांना जन्मतः येते. मुकेपण सहसा तसे येत नाही. कर्णबधिर मुलाचा गळा, जीभ, ओठ बहुधा तुमच्या-आमच्या मुलांसारखेच असतात. शब्द त्याच्या कानावर पडले नाहीत आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने ते त्याच्यापर्यंत कोणी पोचवलेही नाहीत, म्हणून ते बोलत नाही. पहिले व्यंग निसर्गाचे असते. दुसऱ्याची जबाबदारी पुष्कळदा आपल्या व्यवस्थेवर येते.

जी गोष्ट कर्णबधिर मुलाची, तीच थोड्या फरकाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा स्वमग्न मुलाची. पहिल्या पाच-सहा वर्षांत योग्य हात लागला तर मूल पुष्कळ पुढे जाते. तो हात शिकलेला असावा लागतो. माया असून भागत नाही. असे शिकलेले हात कोठून येणार, त्यांना शिकवणार कोण, आणि शिकण्याच्या काळात त्यांच्या घरची चूल कशी पेटणार, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

रिक्त जागा, कंत्राटीकरण, पेन्शन, महागाई भत्ता असे प्रश्न डोक्यावर असताना कामगारांच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. लहान मुलाला शिकवायला वेळ लागतो आणि नोकरदाराचा वेळ म्हणजे त्याचा पगार. वेळेचा आणि पगाराचा प्रश्न जेथे येतो तेथे संघटनेचा संबंध येतोच.

म्हैसूरचे काम

म्हैसूर रेल्वे कामगारांना परके नाही. दक्षिण पश्चिम रेल्वेचे विभागीय मुख्यालय तेथे आहे, जुना कारखाना आहे, दादरहून शरावती एक्सप्रेस तेथपर्यंत जाते. त्याच शहरात, मानसगंगोत्री भागात, अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. १९६५ साली स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. वाचा आणि श्रवण या विषयांतले तज्ज्ञ भारतातच तयार व्हावेत म्हणून ती उभी राहिली. आज देशाच्या कानाकोपऱ्यात श्रवणतपासणी करणारे आणि वाचा-उपचार करणारे जे लोक भेटतात, त्यांच्यातील अनेकांचे शिक्षण म्हैसूरला झालेले आहे.

पण या संस्थेची आम्हांला विशेष महत्त्वाची वाटणारी बाजू वेगळी आहे. तिच्या आवारात विशेष गरजा असलेल्या लहान मुलांची बालवाडी चालते. मुलाबरोबर आई किंवा घरचे कोणी वर्गात बसते, शिक्षिका काय करते ते पाहते, स्वतः करून बघते आणि घरी जाऊन तेच पुन्हा करते. कन्नडबरोबर मलयाळम, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा भाषांप्रमाणे मुलांचे गट पाडले जातात, कारण मुलाला पहिली भाषा घरचीच मिळाली पाहिजे. म्हैसूर शहरातच कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या संघटनेने चालवलेली एक शाळा आहे. तेथेही आईने मुलाबरोबर शाळेत यायचे, अशी रीत आहे.

दुसरी बाजू शिक्षकांची. लहान वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी खास पदविका आणि विशेष शिक्षणाचे वरचे अभ्यासक्रम या संस्थेने चालवले. म्हैसूरला येऊन राहणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी ‘श्रवण, भाषा आणि वाचा’ ही एक वर्षाची पदविका २००७-०८ पासून दूरस्थ पद्धतीने इतर राज्यांतील केंद्रांतही सुरू केली. मुंबईत हाजी अलीजवळची केंद्र सरकारची भौतिक उपचार व पुनर्वसन संस्था हे त्यांपैकी एक केंद्र होते. व्याख्यान म्हैसूरला, विद्यार्थी मुंबईला, आणि प्रत्यक्ष काम जवळच्या रुग्णालयात. म्हणजे प्रशिक्षण एका शहराच्या चार भिंतींत अडकून पडलेच पाहिजे असे नाही.

महाराष्ट्रात असे काही नाही काय? आहे, आणि जुने आहे. कर्णबधिर मुलांची भारतातील पहिली शाळा १८८५ साली मुंबईत निघाली. नायर रुग्णालयात वाचा-श्रवण विषयाचा अभ्यासक्रम १९६६ साली सुरू झाला. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते. चेन्नईत १९६९ साली निघालेल्या बालविद्यालयाने तर अगदी तान्ह्या वयाची मुले घ्यायला सुरुवात केली आणि अशा मुलांच्या शिक्षकांसाठी स्वतःचा प्रशिक्षणवर्गही चालवला. तेव्हा ज्ञानाचा तुटवडा नाही. ते ज्ञान भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंत, मनमाडच्या गँगच्या चाळीपर्यंत, लातूर-नांदेडकडच्या शाखा डाकघरापर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण आहे.

शिकवायचे म्हणजे काय करायचे

प्रशिक्षण कशाला हवे, आईला जन्मतः सगळे कळते, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे.

सकाळी मुलाच्या कानात श्रवणयंत्र घालायचे. सेल संपला नाही ना, आवाज फाटत नाही ना, हे आधी स्वतः ऐकून पाहायचे. मग मुलाच्या मागे किंवा बाजूला बसून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, म, श, स असे सहा ध्वनी एकेक करून काढायचे. प्रत्येक ध्वनी ऐकताच मुलाने एक मणी डब्यात टाकायचा. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने ही सोपी तपासणी घालून दिली. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सूर या सहा ध्वनींत येतात. काल ‘स’ला मणी पडला आणि आज पडला नाही, तर काहीतरी बिघडले हे आईला त्याच सकाळी कळते. गाडी सुटण्यापूर्वी ब्रेकची तपासणी करतात, तसेच हे काम आहे. दोन मिनिटांचे, पण रोजचे. हे न शिकलेल्या घरात बंद पडलेले यंत्र मुलाच्या कानात आठ-आठ दिवस तसेच राहते आणि सगळे म्हणतात, यंत्राचा काही उपयोग होत नाही.

कानात बसणारा साचा हीही अशीच गोष्ट. बाळाचा कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शीळ घालू लागते. काही महिन्यांनी साचा नवा करावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही तो यंत्र काढून कपाटात ठेवतो.

त्यानंतर बोलणे. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसून, यंत्राच्या जवळून, साध्या पण पूर्ण वाक्यात बोलायचे. कुकरची शिट्टी झाली की कानाकडे बोट दाखवून ‘ऐकलंस?’ विचारायचे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, अंघोळ घालताना त्या त्या वस्तूचे नाव घ्यायचे आणि मग थांबायचे. हे थांबणे शिकावे लागते. आपण मोठी माणसे उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत सुटतो. यार्डाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये इंजिनांचा आवाज अष्टौप्रहर असतो. तेथे आतली खोली निवडायची, खिडकी लावायची, खाली सतरंजी घालायची, म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू जातो. हेही कोणीतरी सांगावे लागते.

काही मुलांना यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यांना खुणांची भाषा लवकर मिळाली पाहिजे आणि ती घरच्यांनाही यायला हवी. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते याच गरजेतून. बोली की खुणा, यावर तज्ज्ञांचे वाद चालतील. मूल मात्र कोणत्या ना कोणत्या भाषेशिवाय पाच वर्षे राहता कामा नये.

इतर मुलांचेही तसेच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला कसे धरायचे, कसे बसवायचे, ठसका न लागता घास कसा भरवायचा, हे पाहून आणि करून शिकावे लागते. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवला की त्याची घालमेल कमी होऊ शकते. हात धुणे हे आपल्याला एक काम वाटते; बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी त्याचे सात-आठ तुकडे करून एकेक तुकडा पक्का करून घ्यावा लागतो. फिटरला, सिग्नल मेंटेनरला, सॉर्टरला जशी कामाची तालीम लागते तशीच ही तालीम आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज गावी १९६९ साली सुरू झालेल्या उपक्रमात शिकलेली बाई आठवड्यातून एकदा घरी जाते, पुढच्या आठवड्याचे काम घरच्यांना दाखवते, मागच्या आठवड्याची नोंद घेते. ही पद्धत भारतातही अनेक ठिकाणी वापरली गेली. पोस्टमनच्या बीटसारखीच ही बीट.

आमच्या टपाल खात्यातील बंधूंना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉस एंजेलिस शहरात लुईझ ट्रेसी या बाईंनी १९४२ साली कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी केंद्र काढले. त्यांचा स्वतःचा मुलगा कर्णबधिर होता. १९४३ पासून त्यांनी पालकांसाठी टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. एक धडा जायचा, आई-वडील तो घरी करून पाहायचे, मूल काय करते ते पत्रात लिहून कळवायचे, आणि त्या पत्राला उत्तर यायचे. फी नव्हती. जगातील कितीतरी देशांतील घरांत हे धडे पोचले. शिकवणारा शेकडो कोस दूर असला तरी पोस्टमनच्या पिशवीतून शिक्षण घरात येऊ शकते, हे ऐंशी वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. आज टपालाच्या जोडीला दूरध्वनीवरून चित्रही दिसते. मग मराठीत हे का होऊ नये?

कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो

२०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या विकलांग मुलांची संख्या २० लाख ४२ हजार भरली. या मुलांसाठी कायदा काय म्हणतो ते पाहू.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याला मोफत शिक्षण मिळावे, असे म्हटले होते. सुरुवातीचे वय लिहिलेले नव्हते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा पुष्कळ बाबतींत पुढचा आहे. त्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. पण त्याच्या ३१ व्या कलमात मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयाला दिला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ एवढेच तो म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. निकाल चांगलाच आहे. पण तोही शाळेत पोचलेल्या मुलांचा आहे.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते? पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र आणि शिकवणे सुरू. शास्त्र सहा महिने म्हणते आणि कायदा सहा वर्षे म्हणतो. या दोहोंमधली साडेपाच वर्षे कोणाच्या खात्यावर टाकायची? आज ती आईच्या खात्यावर पडतात.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची आखणी आहे. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या योजनेतून एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली. पण शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. त्यानंतर मुलाला ऐकायला शिकवणे वर्षानुवर्षांचे असते. यंत्राला पैसा मिळतो, माणसाला मिळत नाही, हा अनुभव आपल्याही खात्यांत नवा नाही.

अंगणवाडीच्या ताई

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. अंगणवाडी सेविकेने लवकर तपासणी करावी, मुलाला सर्वांबरोबर सामावून घ्यावे, घरच्यांना मार्गदर्शन करावे आणि गरज पडेल तेथे आरोग्य पथकाकडे पाठवावे, अशी तिची रूपरेषा आहे. गावागावांत पोचलेली दुसरी यंत्रणा नाही, तेव्हा विचार योग्य आहे.

पण त्यानंतर आठवडाभरातच, ४ डिसेंबरपासून, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यांची मागणी जुनीच होती : मानधन नको, वेतन द्या, आम्हांला कर्मचारी म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला होता, तरी दर्जाचा प्रश्न तसाच होता. एका हाताने विशेष शिक्षणाचे कौशल्य मागायचे आणि दुसऱ्या हाताने मानधन पुढे करायचे, हा व्यवहार टिकणारा नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली आणि विशेष शिक्षक, वाचा-उपचारक यांची नोंदणी बंधनकारक झाली. अशिक्षित हातांत मूल पडू नये हा त्यामागचा हेतू. मग जिच्या हातात ते मूल सर्वांत आधी येते, तिला काही दिवसांच्या शिबिरावर का वाटेला लावायचे? तिला पुरते शिक्षण द्यावे, त्या काळात वेतन द्यावे, आणि शिकल्यावर वेतनश्रेणीत वाढ द्यावी. कुशल कामाला कुशल दर, हे तत्त्व आपण कारखान्यांत लढून घेतले आहे.

आईचा वेळ फुकट नाही

म्हैसूरच्या पद्धतीचे आम्ही वर कौतुक केले. तिच्यातली एक गोष्ट कामगार म्हणून आपण डोळसपणे पाहिली पाहिजे. आईने मुलाबरोबर वर्गात बसायचे, तेही एक-दोन दिवस नव्हे. परगावच्या आईने खोली भाड्याने घेऊन राहायचे. हे कोणाला परवडते?

समजा, एखादी बहीण आरएमएसमध्ये सॉर्टिंग असिस्टंट आहे आणि तिचे दीड वर्षाचे मूल कर्णबधिर निघाले. केंद्रीय कर्मचारी म्हणून तिला बालसंगोपन रजा आहे. सप्टेंबर २००८ पासून हा हक्काचा मार्ग खुला झाला. साऱ्या सेवेत मिळून ७३० दिवस, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारावर, पुढचे ३६५ दिवस ८० टक्क्यांवर. दिव्यांग मुलाच्या बाबतीत वयाची मर्यादा काढून टाकली आहे. पण रजा मंजूर होणे साहेबाच्या सहीवर आणि टेबलावरच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून. जागा रिकाम्या ठेवल्या की रजाही रिकामीच राहते.

समजा, एखादा भाऊ ट्रॅक मेंटेनर आहे आणि त्याची पत्नी घर सांभाळते. त्याला ही रजा नाही. पुरुषांत ती फक्त एकट्या पालकाला आहे. म्हणजे मूल शिकवणे हे आईचेच काम, हे नियमानेच ठरवून टाकले. बापाने तो सहा ध्वनींचा खेळ शिकायचा तर कोणत्या दिवशी? आणि ग्रामीण डाक सेवकाला तर बालसंगोपन रजाच नाही, मग ती स्त्री असो की पुरुष. कंत्राटी सफाई कामगाराची गोष्टच सोडा.

बदलीचा नियम मात्र पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून येथे देतो. दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या व फिरत्या बदलीतून सूट मिळू शकते. केंद्राच्या कार्मिक विभागाने ६ जून २०१४ रोजी हा आदेश काढला आणि ८ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने त्याची व्याप्ती वाढवली. प्रशासकीय अडचण नसेल तर, अशी पळवाट त्यात आहे. तरी आदेश हातात असला तर भांडता येते. मुलांच्या शिक्षण भत्त्याचा दरही दिव्यांग मुलासाठी दुप्पट आहे. ज्या सभासदांच्या घरी असे मूल आहे त्यांनी हे दोन्ही कागद शाखेकडून मागून घ्यावेत.

आणखी एक धोका सांगतो. ‘आई हीच खरी शिक्षिका’ असे गोड वाक्य बोलून सरकारने शिक्षकांची पदे भरायचे टाळता कामा नये. आईला शिकवायचे ते शिक्षकाच्या जोडीला. घरच्यांचे प्रशिक्षण आणि पगारी, प्रशिक्षित शिक्षक, दोन्ही पाहिजेत. एक दिले म्हणून दुसरे कापले, हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

आपण काय मागावे

आमच्या मते पुढील गोष्टी मागणीपत्रकात याव्यात.

(१) मोफत शिक्षणाचा हक्क दिव्यांग मुलांना निदान झाल्या दिवसापासून मिळावा. २०१६ च्या कायद्यातील सहा वर्षांची खालची अट काढावी. ही मागणी मध्यवर्ती महासंघाने केंद्राकडे न्यावी.

(२) मान्यताप्राप्त केंद्रात मुलासंबंधीचे प्रशिक्षण घेणाऱ्या पालकाला, आई असो वा बाप, पगारी प्रशिक्षण रजा मिळावी. ती बालसंगोपन रजेतून वजा होऊ नये. ग्रामीण डाक सेवकांना ती लागू करावी. रेल्वेत हा विषय पीएनएममध्ये, टपाल खात्यात जेसीएममध्ये मांडता येईल.

(३) मोठ्या रेल्वे वसाहतींत महिला समितीच्या बालवाड्या चालतात, इन्स्टिट्यूटचे सभागृह असते, रेल्वेचे रुग्णालय असते. भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणी या तिन्हींची सांगड घालून विशेष शिक्षिकेचे एकेक पद निर्माण करावे. बालवाडीच्या ताईंना पगारी प्रशिक्षणाला पाठवावे. टपाल कर्मचाऱ्यांची मुलेही तेथे घ्यावीत.

(४) म्हैसूरच्या संस्थेने इतर भाषांत जे केले ते मराठीत व्हावे. पालकांसाठी मराठी धडे तयार करून टपालाने व दूरध्वनीवरून पोचवावेत. बेळगाव, खानापूर, लोंढा, हुबळी या पट्ट्यात काम करणारे आमचे मराठी बंधू म्हैसूरच्या अधिक जवळ आहेत. त्यांच्या मुलांना घरच्या भाषेत शिकण्याची सोय मिळावी. वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेकडेही याबाबत संघटनांनी लेखी मागणी करावी.

(५) अंगणवाडी सेविकांच्या वेतनाच्या मागणीला रेल्वे व टपाल कामगारांनी जाहीर पाठिंबा द्यावा. आपले मूल त्यांच्याकडे जात नसेल; आपल्या गावाकडच्या भावाचे जाते.

यातल्या काही मागण्यांना वर्षे लागतील. एक काम मात्र याच महिन्यात करता येईल. प्रत्येक शाखेने सभासदांची विचारपूस करून सहा वर्षांखालील विशेष गरजा असलेली किती मुले आपल्या कुटुंबांत आहेत याची नोंद करावी. नावे जाहीर करू नयेत. घरच्यांची इच्छा नसेल तर विचारूही नये. संख्या, वय, आणि जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे, एवढे पुरे. आकडा हातात असला की वाटाघाटीच्या टेबलावर बोलता येते. शिवाय आपल्याच चाळीत दुसऱ्या एका घरातही असे मूल आहे हे कळले, तर त्या दोन घरांना एकमेकांचा आधार होतो.

शाखांनी सर्वसाधारण सभेत या विषयावर ठराव करावेत आणि नोंदी महासंघाच्या कार्यालयाकडे टपालाने पाठवाव्यात.